जलसमाधी कोण घेतं?

पोळ्याच्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅप उघडलं की स्टेटसची रांग लागलेली असते. बैलाच्या फोटोवर चार ओळी, आणि त्या चार ओळींत बळीराजा, काळी आई, घामाचे मोती, जगाचा पोशिंदा. २३ डिसेंबरच्या शेतकरी दिनाला पुन्हा हेच. पहिल्या पावसाला हेच. दिवाळीच्या तोंडावर अवकाळी येऊन कापलेलं धान बांधीत भिजलं, की तेच शब्द, फक्त चाल रडकी.

यातल्या एखाद्या कवितेवर कुणी शंका काढली तर उत्तर ठरलेलं असतं : ‘शब्दांचं काय घेऊन बसलात? भावना पोहोचल्या ना!’

माझं भांडण या वाक्याशी आहे. कविता ही शब्दांचीच केलेली असते. ज्या भावना ‘पोहोचल्या’ म्हणतो, त्या शब्दांतूनच आल्या आणि शब्दांनीच वाकवल्या. कवितेत बोलणारा माणूस आपल्याला काय वाटतं हे मोठ्यानं सांगत असतो. पण ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्याकडे तो खरोखर कसं पाहतो, वरून, खालून, लांबून की शेजारी बसून, हे त्यानं निवडलेला शब्द सांगतो. बऱ्याचदा बोलणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध सांगतो. आणि आपण वाचक ते ऐकायचं टाळतो, कारण ऐकलं तर टाळ्या वाजवणं अवघड होतं.

हे टाळणं आपल्याला शाळेतच शिकवलं जातं. दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे असतात. आशयात भावना लिहायची, भाषेत अनुप्रास आणि यमक शोधायचं. या दोन कप्प्यांमधली भिंत तोडून ‘हाच शब्द का?’ असं विचारायला मार्क नाहीत.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मजकुरातली भावना ओळखणारा सगळ्यांत साधा प्रोग्रॅम कसा चालतो, ते सांगतो. शब्दांची यादी करायची, प्रत्येक शब्दाला गुण द्यायचे. ‘राजा’ला अधिक, ‘आई’ला अधिक, ‘चिखल’ला उणे. बेरीज करायची, मजकूर चांगला की वाईट ते ठरवायचं. हा प्रोग्रॅम कच्चा आहे हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरालाही कळतं, कारण कोण बोलतंय, कुणाबद्दल बोलतंय, हे त्याला दिसत नाही. पण कविता वाचताना आपण बहुतेक जण हाच प्रोग्रॅम चालवतो. ‘राजा’ म्हटलं म्हणजे आदर, ‘आई’ म्हटलं म्हणजे प्रेम. बेरीज अधिक आली, शेअर केली.

राजाला बारदाना लागत नाही

भंडारा जिल्ह्यात शेती करणाऱ्याला कास्तकार म्हणतात. ‘शेतकरी’ सगळ्यांना कळतो, सरकारी फॉर्मवर तोच असतो, पण पानठेल्यावरच्या बोलण्यात कास्तकारच येतो. कास्त म्हणजे लागवड. ती करणारा तो कास्तकार. शब्दात कामाचं नाव आहे. ना कौतुक, ना कीव.

कास्तकाराला बऱ्याच गोष्टी करता येतात. तो आधारभूत खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून खोळंबतो. धान दिल्यावर चुकाऱ्याची वाट पाहतो. यंदा बोनस मिळणार का, हे विचारतो. तुडतुडा पडला की औषधवाल्याशी भांडतो. मजुरी वाढली म्हणून कुरकुरतो आणि कधीकधी मजुराचे पैसे बुडवतोही. तो माणूस आहे.

बळीराजा यातलं काही करत नाही. राजा रांगेत उभा राहत नाही. राजाला चुकारे लागत नाहीत. पोशिंदा देतच असतो, मागत नाही. मागितलं तर पोशिंदा कसला? म्हणून कवितेतला बोलणारा ‘हे बळीराजा’ म्हणून हात जोडतो, तेव्हा तो आदर दाखवतोय असं वाटतं, आणि त्याच हातांनी समोरच्याचं तोंड बंद करतो. देव्हाऱ्यात बसवलेल्याला हिशेब विचारता येत नाही, हे आपल्याला माहीत असतं. त्याला हिशेब मागताही येत नाही, हे मात्र आपण विसरतो.

इथे कुणी म्हणेल, बळीराजा हा तर महात्मा फुल्यांचा शब्द. बरोबर. म्हणूनच तो नीट पाहायला हवा. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळी हा कपटानं राज्य हिरावून घेतलेला राजा आहे. तिथे ‘बळी’ म्हटलं की पाठोपाठ वामन येतो. लुटला गेलेला आला की लुटणारा आलाच. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ ही घराघरातल्या बायांच्या तोंडची ओवाळणी फुल्यांनी राजकीय मागणी म्हणून वाचली. शेतीवर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव काय, तर ‘शेतकऱ्याचा असूड’. असूड म्हणजे हातात धरायची, ओढायची वस्तू. पोळ्याच्या स्टेटसमध्ये बळी उरलाय आणि वामन गायब आहे. शब्द तोच, पण बोलणाऱ्यानं जागा बदलली. फुल्यांच्या मजकुरात तो बळीच्या बाजूला उभा राहून वामनाकडे बोट दाखवतो. स्टेटसमध्ये तो प्रेक्षकांत बसून फुलं उधळतो.

म्हणजे एखादा शब्द जात्याच चांगला किंवा वाईट नसतो. कुणाच्या तोंडी, कुणासमोर, आणि कोणता दुसरा शब्द सोडून तो आला, हे तिन्ही मिळून बोलणाऱ्याची नजर ठरते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण सोडलेला शब्द पानावर दिसत नाही. तो वाचकाला ठाऊक असावा लागतो.

धानाचा भात कसा होतो

आमच्याकडे शेतात धान असतं आणि ताटात भात. रोपांना पऱ्हे म्हणतात, बांध घातलेल्या वावराच्या तुकड्याला बांधी, आणि पऱ्हे उपटून चिखलात लावायच्या कामाला रोवणी. कोकणातला माणूस ‘भातलावणी’ म्हणतो ते त्याच्या जागी अगदी बरोबर आहे. पण वैनगंगेच्या काठी वाढलेला कवी कवितेत ‘भाताची लावणी’ लिहितो, तेव्हा काय झालेलं असतं? त्याच्या तोंडात रोवणीच होती. लिहिताना डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचा वाचक आला आणि तोंडातला शब्द गिळला गेला. त्या क्षणी कवितेतला बोलणारा बांधी सोडून वाचकाच्या शेजारी जाऊन बसला, आणि तिथून आपल्याच आईला ‘ती चिखलातली बाई’ म्हणून बघू लागला.

दुसरा प्रकार याच्या उलट दिसतो, पण असतो तसाच. शब्द ठेवायचा, मात्र त्याला अवतरणचिन्हांच्या कुंपणात घालायचं आणि खाली तारा करून अर्थ द्यायचा. कवितेतलं निवेदन प्रमाण मराठीत. आजोबा, मजूर, दारुडा आणि वेंधळा नोकर तेवढे झाडीबोलीत. मी याला सन्मान मानत नाही. बोलीला फक्त हसवायला आणि रडवायला बोलावलंय, विचार करायला बोलावलेलं नाही. कवितेतलं शहाणपणाचं वाक्य कोणत्या भाषेत येतं ते बघा. कवीनं कुणाला शहाणं मानलंय ते कळेल.

शुद्धलेखनसुद्धा साक्ष देतं. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा, शेत म्हणजे सेत. आता गंमत अशी, की गावातले गुरुजीही घरी ‘पानी’च मागतात. ग्रामसेवकही. पण कवितेत गुरुजींच्या तोंडी ‘पाणी’ छापलं जातं आणि मजुराच्या तोंडी ‘पानी’. उच्चार एकच, अक्षरं दोन. हा फरक कानानं केलेला नाही, तो पत पाहून केलेला आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास आणि साहित्य संमेलनं यांत आयुष्य घातलं. त्या खटपटीचा अर्थ मला असा लागतो : ही बोली पात्राची नाही, ती निवेदकाचीही आहे.

हे जमतं याचा पुरावा मराठीत पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मराठीतला एवढा मोठा लेखक त्या कवितांतल्या कितीतरी शब्दांपाशी अडतो आणि त्यांचे अर्थ ढसाळांना विचारतो, हे त्या प्रस्तावनेतच नोंदवलेलं आहे. कविता मात्र कुणासाठी थांबत नाही. बोलणारा त्या वस्तीतला आहे, त्याचे शब्द हे त्याचं घर आहे. पाहुण्यानं दार वाजवावं आणि विचारावं. कुणी कुणाला अर्थ विचारायचा, हे एवढ्यानं उलटलं, आणि मराठी कवितेत फार मोठी गोष्ट घडली.

याच्या बरोबर विरुद्ध टोकाला आपलं कौतुक असतं. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली. तेव्हापासून आजतागायत त्यांच्या परिचयात एक वाक्य हमखास येतं : निरक्षर ‘असूनही’ केवढं तत्त्वज्ञान! त्या ‘असूनही’कडे लक्ष द्या. चार अक्षरांत कबुली आहे की बोलणाऱ्याच्या मते तत्त्वज्ञान हे साक्षरांचं काम, आणि बाईनं ते चुकून केलं. कौतुक खरं असेल, नजर वरूनच आहे.

बुडालं की बुडवलं

आता जिथे हे नुसतं चवीचं प्रकरण राहत नाही, तिथे येतो.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत. बुडणं आणि बुडवणं. मरणं आणि मारणं. पडणं आणि पाडणं. जळणं आणि जाळणं. तुटणं आणि तोडणं. जोडीतल्या पहिल्या शब्दाला करणारा लागत नाही, गोष्ट आपोआप होते. दुसऱ्याला करणारा लागतो. नाव घेतलं नाही तरी वाक्यात त्याची रिकामी खुर्ची दिसते. लिहिणारा दर वेळी या दोघांतला एक निवडतो. नकळत निवडला, तरी निवडतोच.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. या धरणासाठी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं उठली. सरकारी कागदात त्या माणसांचं नाव ‘प्रकल्पग्रस्त’. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, तसा प्रकल्पग्रस्त. जणू प्रकल्पही आकाशातून कोसळला, कुणी मंजूर केला नाही, कुणी सही केली नाही. सरकारनं असा शब्द करावा यात नवल नाही. सरकारचा तो स्वार्थ आहे.

नवल कवितेचं आहे. धरणावरच्या कवितांत आणि भाषणांत एक वाक्प्रयोग फार आवडीचा आहे : गावानं जलसमाधी घेतली. ऐकायला केवढं भव्य! पण समाधी कोण घेतं? संत घेतो. स्वतःहून घेतो, काम पूर्ण झालं म्हणून, शांतपणे घेतो. ज्या गावानं मोजणी अडवली, मोबदल्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवले, नव्या गावठाणात पाण्याची सोय नाही म्हणून मोर्चे काढले, त्या गावाच्या नावावर कवीनं एका शब्दात संमती लिहून टाकली. वर मोक्षही दिला. ‘प्रकल्पग्रस्त’ या रूक्ष शब्दानं निदान ‘प्रकल्प’ तरी ठेवला होता. कवीच्या सुंदर शब्दानं तोही पुसला. कवीच्या डोळ्यांत पाणी असेल, मी नाकारत नाही. पण शब्द पाहता तो धरणाच्या भिंतीवर उभा आहे.

हाच शब्द धरणग्रस्त आंदोलक वापरतात तेव्हा बघा. ‘मागण्या मान्य करा, नाहीतर जलसमाधी घेऊ.’ इथे कर्ता ते स्वतः आहेत, क्रियापद भविष्यकाळात आहे आणि समोर कलेक्टर आहे. त्यांच्या तोंडी ती धमकी आहे. कवीच्या तोंडी ते सांत्वन होतं. आणि त्या सांत्वनाचा सर्वांत जास्त फायदा बुडवणाऱ्याला होतो.

खैरलांजीत कोण मेलं?

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. भोतमांगे या दलित, बौद्ध कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांना गावातल्या जमावानं मारलं. घरातले भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. २०१७ च्या जानेवारीत तेही गेले.

पहिली लढाई शब्दांचीच झाली. अनैतिक संबंधांच्या कहाण्या पसरल्या. ‘घटना’, ‘प्रकार’, ‘प्रकरण’ असे शब्द आले. ‘जातीय हत्याकांड’ म्हणायला मोर्चे काढावे लागले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद दिली, आणि जातीचा हेतू तिथेही मान्य झाला नाही. गुन्हा सिद्ध झाला, पण ‘जात’ हा शब्द निकालाच्या बाहेर राहिला.

न्यायालयाला पुराव्याची आणि कलमांची चौकट असते. कवितेला ती नाही. तरीही अशा हत्याकांडांवरच्या कवितांत कोणते शब्द सर्रास येतात? नराधम. काळरात्र. माणुसकीला काळिमा. माणुसकीचा खून.

एकेक शब्द घ्या. नराधम म्हणजे माणसांतला अधम, अपवाद, आपल्यातला नव्हे असा कुणी. पण मारणारे अपवाद नव्हते, शेजारी होते; त्यांना नाव होतं, शेत होतं, जात होती. काळरात्र म्हटलं की दोष रात्रीचा. आणि माणुसकीचा खून? खून माणुसकीचा झाला नाही. खून चौघांचा झाला. माणुसकी मेली म्हटलं की आपण सगळेच मयताचे नातेवाईक होतो, सगळेच सुतकात, सगळेच सारखे दुःखी. मारणारा, बघणारा आणि मेलेला यांच्यातलं अंतर एका शब्दात मिटतं. बोलणाऱ्याला हळहळ आहे, पण ज्या गल्लीतून जमाव निघाला त्या गल्लीत आपल्याला उद्या पुन्हा जायचंय, याची काळजी हळहळीपेक्षा मोठी आहे.

याचा अर्थ कवितेनं पंचनामा लिहावा असा नाही. प्रतिमा नाव घेण्याच्या आड येतेच असं नाही. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारत, त्यावर न्यूयॉर्कमधल्या अेबल मिरोपोल या शिक्षकानं १९३७ साली कविता लिहिली. १९३९ मध्ये बिली हॉलिडेनं ती गायली आणि ‘स्ट्रेंज फ्रूट’ जगभर गेली. प्रेताला तो ‘फळ’ म्हणतो. हा शब्द त्यानं त्याच प्रदेशाच्या कौतुकाच्या भाषेतून उचलला. फळ म्हटलं की झाड आलं, झाड म्हटलं की माती आली, लावणारा आला, खतपाणी घालणारा आला. एका शब्दानं आख्खा प्रदेश आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. खैरलांजीवर आनंद तेलतुंबड्यांनी २००८ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिलं, तेव्हा शीर्षकात त्यांनी याच कवितेची आठवण जागवली. ‘फळ’ही प्रतिमा आहे आणि ‘काळरात्र’ही. एक करणाऱ्यापर्यंत नेते, दुसरी त्याच्यावर अंधार पांघरते.

शब्द तपासणं म्हणजे पोलिसगिरी नव्हे

यावर खरा आक्षेप एकच आहे, आणि तो वजनदार आहे. असं एकेक शब्द धरून बसलात तर उद्या कवींवर खटले भरतील. भरलेच आहेत. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका बुलेटिनमध्ये छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १४ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं कवीवरचा आरोप रद्द करायला नकार दिला. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या संदर्भात असे शब्द चालतील का, हा तिथला मुद्दा होता.

माझं म्हणणं त्या वाटेचं नाही, त्याच्या बरोबर उलट आहे. खटला भरणारा शब्द वाचतो आणि बोलणारा वाचत नाही. ‘गांधी’ अधिक ‘शिवी’, बेरीज उणे, लाव कलम. तोच कच्चा प्रोग्रॅम. कवितेत बोलणारा कोण आहे, तो कुणावर चिडलाय, गांधींवर की गांधींच्या नावानं दुकान चालवणाऱ्यांवर, हे विचारायला वेळ कुणाला आहे? गोड शब्दांना भुलणारा वाचक आणि कडू शब्दांवर खटला भरणारा वाचक, दोघांनीही वाचनाचं काम अर्ध्यातच सोडलेलं असतं.

मला वाचक हवा आहे तो कान असलेला. विदर्भात ‘बाया’ म्हटलं तर त्यात काही कमीपणा नाही. रोवणीच्या बाया स्वतःला बायाच म्हणतात. तोच शब्द दुसऱ्या तोंडी तुच्छ होऊ शकतो, आणि ‘माता-भगिनी’ हा शब्द तर हमखास मजुरी न वाढवण्याच्या भाषणातच येतो. शब्दकोश हे सांगणार नाही. ते ऐकूनच कळतं.

म्हणून पुढची कविता फॉरवर्ड करण्याआधी एवढं करून बघा. कवितेतल्या माणसाला ज्या शब्दानं हाक मारलीय, ती हाक त्याच्या तोंडावर मारता येईल का? चुकाऱ्यासाठी केंद्रावर चौथ्यांदा आलेल्या माणसाला, दुपारी दोनच्या उन्हात, ‘नमस्कार बळीराजा’ म्हणून बघा. गोसीखुर्दच्या नव्या गावठाणात जाऊन एखाद्या म्हातारीला सांगा, की आजी, तुमच्या गावानं जलसमाधी घेतली.

ती काय उत्तर देईल ते नीट ऐका. त्यात करणाऱ्याचं नाव असेल.